साहेबांनी आधी ऐकलं

"साब, अप! अप!" मी माइकमध्ये ओरडलो. आमचा जवान केबलला लटकलेला, खाली म्हातारीनं त्याच्याकडे हात केलेला, अन् हेलिकॉप्टर सरळ वर निघालं. बिचारीच्या तोंडचं पाणीच पळालं असेल.

वैनगंगेला पूर होता. मी तिथल्याच अड्याळ गावचा, म्हणजे माणसं घरचीच. म्हातारी न्हाणीच्या स्लॅबवर एकटी अडकली होती, पाणी पायाशी आलेलं. मी फ्लाइट इंजिनिअर. दारात पालथा पडून विंच चालवायचो, म्हणजे केबल खाली सोडायची अन् वर ओढायची. मशीनच्या पोटाखालचं पायलटला काहीच दिसत नाही. मी पाहायचं, सांगायचं, अन् त्यानं तसं उडवायचं.

कॅप्टन साहेब हरियाणाचे, रँकनं माझ्याहून कितीतरी वर. तरी माझा 'अप' ऐकला अन् क्षणात मशीन उचललं. वर गेल्यावर शांतपणे विचारलं, "क्या हुआ?"

"साब, बाजू के कोठे का टिन उखड़ रहा है."

आमच्याच पंख्याच्या वाऱ्यानं गुरांच्या कोठ्याचे पत्रे उचकटून राहिले होते. एखादा उडून पंख्यात गेला असता, तर म्हातारीसकट सारे खलास.

"अब?"

"ऊँचे से, साब. पूरी केबल छोड़ता हूँ."

उंचावरून वारा कमी लागतो. पण वाहतं पाणी पाहिलं की आपलंच मशीन सरकून राहिलं, असं पायलटला वाटतं. साहेब म्हणाले, "मैं दूर का पेड़ देखूँगा. पानी तू देख. बोलता रह."

"आगे तीन मीटर. दो. एक. होल्ड. थोड़ा दाएँ. होल्ड." तोंड एकदाही थांबवलं नाही. पत्रे फडफडले, पण टिकले. जवानानं म्हातारीला कवेत घेतलं अन् मी ओढलं. हुश्श!

आत येताच तिनं माझी कॉलर धरली अन् कानाशी ओरडली, "काहून पळाले होते रे मले सोडून? मी का तुमाले खाऊन टाकत होती का?"

"क्या बोल रही हैं माताजी?" साहेबांनी विचारलं.

"पूछ रही हैं, भागे क्यों थे."

"बोल दे, साब तो रुक रहे थे, मैंने ही भगाया."

असा बॉस मिळायला नशीब लागतं बाप्पा! त्यांनी आधी ऐकलं, मग विचारलं. उलटं केलं असतं, तर म्हातारीच्या शिव्या खायला कोणी उरलं नसतं.