गुलाबभाऊंचा प्रॉम्प्टर

प्रॉम्प्टरच्या वहीत नाटक असतं मधल्या भागात. किस्से साचतात समासात. माझ्या वहीचे समास केव्हाच भरले. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक, पीएचडी नाटकावरच. तरी विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवताना पान उलटायचीही भीती वाटते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना तालमी कमी. नट प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभे राहतात. गुलाबभाऊ तर पूर्णच माझ्या भरवशावर. मोहाडीजवळच्या तलावात मासे धरणारा हा माणूस तीस वर्षं रंगमंचावर बाप, सरपंच नाहीतर फौजदार होत आला. नायक एकदाही नाही.

*

अड्याळच्या प्रयोगात मी घाबरून दोन पानं एकदम उलटली. लग्नाची बोलणी राहूनच गेली. मुलगी समोर येताच बाप झालेल्या गुलाबभाऊंनी तिला थेट सासरी पाठवली, तीही हुंदका देऊन. प्रेक्षकांतल्या बायका रडल्या. प्रयोगानंतर मी हात जोडले.

"जाऊ द्या ना सर," ते म्हणाले, "पोरगी तं जानारच होती. तुमी हुंडा वाचवला."

*

एकदा चष्मा घरी राहिला. मी आठवेल तसं सांगत गेलो, आणि गुलाबभाऊंचा सरपंच भर ग्रामसभेत म्हणाला, "या समस्येचे स्वरूप मूलतः नैतिक आहे."

पुढच्या रांगेतून आवाज आला, "आज सरपंच पेऊन आला वाटते."

गुलाबभाऊ शांतपणे वळले. "मंग काय करू? नळाले पानी कुठी हाय?"

*

"भाऊ, एखादं तरी नाटक पाठ करा," मी विनवलं. "मला काही झालं तर?"

"पाठ केलं तं तुमी घरी बसून काय करान?"

ही माया होती की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही.

*

मग बपेऱ्याकडे टीव्ही मालिकेचं शूटिंग आलं. गुलाबभाऊंना बापाचं काम मिळालं. मुलगा दवाखान्यात, आणि बापाला नर्सशी एकच वाक्य: "त्याला सांगा, मी रागावलो नाही." जमलं तर पुढचे भागही मिळणार होते. त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मला सोबत नेलं.

मी पडद्यामागून कुजबुजलो. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरचा हेडफोन काढला. "कोण बोलतंय?"

मला बाहेर काढलं. बाकावर एक पेशंट कमी होता, म्हणून डोक्याला बँडेज बांधून तिथे बसवलं. ओठही हलवायचे नाहीत! दिग्दर्शक गुलाबभाऊंना म्हणाला, "आता नाही जमलं, तर दुसरा माणूस बघू."

कॅमेरा सुरू झाला. नर्स आली. गुलाबभाऊंना वाक्य आठवेना. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "काका, तुमीच सांगा इले. माह्या तोंडून निंगत नाही."

भीतीने माझा आवाज फाटला. "त्याला सांगा, मी रागावलो नाही."

"कट!" दिग्दर्शक उठून थेट माझ्याकडे आला. "बाबा, काय आवाज लावलात. पुढच्या भागांत बाप तुम्हीच करता का?"

माझं तोंड उघडं राहिलं, शब्द सुचेना. मागून अगदी दबक्या आवाजात गुलाबभाऊ म्हणाले, "'मले जमत नाही' म्हना, सर."

मी म्हटलं.