कौलांच्या डावाचे नियम

कोणत्याही संस्कृतीची उंची तिच्या नियमांवरून मोजावी. आमच्या कापडे गावात ही उंची साधारण चार बोटं भरते. वानरांनी फोडलेल्या कौलाचा तुकडा घासून चौकोनी केला की तेवढाच उरतो.

असे सोळा तुकडे. वरची बाजू शेवाळाने काळी, खालची तांबडी. काळी बाजू वर ठेवलेले आठ माझे, तांबडी वर ठेवलेले आठ माझ्या चुलतभावाचे, म्हणजे दादाचे. पट नाही, ओटीची जमीन पुरते. आळीपाळीने एकेक तुकडा आधीच्या तुकड्याला कड भिडवून ठेवायचा. सगळे संपले की आपला कुठलाही एक उचलून शेजारच्या मोकळ्या जागी लावायचा. ज्याचे चार एका ओळीत आले तो जिंकला.

मुंबईची नोकरी संपवून दादा गावी आल्यापासून आम्ही खेळतो, आणि तो एकदाही जिंकलेला नव्हता. आता मुंबईत त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर जमिनीवर बसणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"जायच्या आधी एकदा तुला हरवणार," तो म्हणाला. "पण आधी नियम लिही. तू पुस्तकं वाचणारा, ऐन वेळी मनाचे नियम काढतोस."

मी वही घेऊन कलमं पाडली. पाचवं लिहिलं: 'तुकडा उचलल्याने मांडणी दुभंगता कामा नये.'

"म्हंजे घर फुटायचं नाय. सरळ लिही की रे."

तांदूळ निवडत बसलेली वहिनी सुपावरून मान वर न करता म्हणाली, "वाटणीत ओटीच्या मधोमध भिंत घातलीत दोघांनी, आणि आता कौलांना अक्कल शिकवताय."

मी वही मिटली. आम्ही खेळायला लागलो.

सगळे तुकडे लागले तेव्हा दादाचे तीन ओळीत होते. चौथ्याच्या जागेशेजारी त्याचा एकच तुकडा, पण त्याच्याच आधाराने मांडणीचे दोन भाग जोडलेले. दादाने त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, मग काढून घेतलं.

"नाय. घर फुटतंय." त्याने दुसराच एक तुकडा हलवला.

एका चालीत मी जिंकत होतो. मला ते दिसत होतं, आणि मी बघतोय हे वहिनीला दिसत होतं. मी माझा कोपऱ्यातला तुकडा उचलून शेजारच्या, दोन भागांमधल्या फटीत बसवला. आता दादाचा तो तुकडा मोकळा झाला. त्याने तो उचलला, ओळीला लावला आणि खांब धरून उभा राहिला.

"ऐकलंस का गो?" भिंतीपलीकडच्या माझ्या बायकोला त्याने हाक दिली. "तुझा नवरा हरला! नियमानं हरला!"

संध्याकाळपर्यंत वाडीत सर्वांना कळलं. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला गाडीत बसेपर्यंत तो भेटेल त्याला सांगत होता. शेवटचा डाव त्याचा झाला, याचं मलाही बरं वाटलं.

मुंबईत शुगर जास्त निघाली म्हणून ऑपरेशन तीन महिने पुढे ढकललं. गुरुवारी दादा परत आला आणि जेवायच्या आधी दोन डाव हरला.