दातवाल्याची पितळी घोडी

पेठेत आता दोघेतिघे सांगत फिरतात, की दातवाल्याची हत्यारं टांगायची घोडी त्यांच्या बापाने काढली. त्यांचा बाप मला माहीत होता. त्याला गडव्याची कडी सरळ बसवता येत नव्हती. म्हणून हे मी स्वतः लिहून ठेवतो. माझी शाळा म्हणाल तर पंतोजीकडे तीन महिने, त्यातही अर्धे दिवस त्यांच्या घरचं पाणी भरण्यात गेले. तेव्हा अक्षर वाकडं येईल. येऊ द्या. भांडं वाकडं आलं असतं तर लाज वाटली असती.

मी अमरावतीचा तांबट. ही गोष्ट कापसाच्या तेजीतली. दूर कुठल्या मुलखात गोरे गोऱ्यांशी लढत होते म्हणे, तिकडचा कापूस बंद पडून आपल्याकडच्याला सोन्याचा भाव आला, आणि माज इकडे वऱ्हाडात आला होता. कालपर्यंत कापूस वेचून हात फुटलेले लोक बैलाच्या शिंगाला चांदीच्या टोप्या घालून बाजारात येऊ लागले. ज्यांच्या घरी मडक्यात पाणी तापायचं, त्यांना हत्ती धुता येईल एवढी घंगाळं पाहिजे होती. मी करून दिली. त्यात पुढे त्यांनी ज्वारी भरून ठेवली असेल.

मग खूळ निघालं दातात सोनं ठोकायचं. पुढच्या दातांना बारीक भोक पाडायचं आणि त्यात सोन्याची खिळी बसवायची. चांगल्या, धडधाकट दाताला भोक! माझ्याकडे कोणी चांगला हंडा घेऊन आला आणि म्हणाला, याला भोक पाडा, तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण हे काम करणारा एक जण तेव्हा अकोल्याहून अमरावतीला येऊन बसायचा. कुठल्या मुलखाचा ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. अर्धं हिंदी, अर्धं आपलं बोलायचा. सगळे त्याला दातवालाच म्हणत. कापसाच्या बाजारात गाड्यांच्या मधे सतरंजी टाकायचा, समोर उपटलेल्या दाढांची माळ ठेवायचा. हात मात्र चांगला होता. ते मी कबूल करतो. बाकी त्याच्यात कबूल करण्यासारखं काही नव्हतं.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, अकोल्याचा. घरची काळी जमीन. त्या हंगामात त्याने याच दातवाल्याकडून वरच्या चार दातांना सोनं ठोकून घेतलं. हा माणूस जन्मात कधी हसला नव्हता. लग्नातही नाही. आता बैल मेला तरी हसायचा. चौथ्या दिवशी हिरडी सुजली, सहाव्या दिवशी गाल गळ्यापर्यंत उतरला, आणि अकराव्या दिवशी तो गेला. बायको त्याच्या उशाशी होती. त्याच्या तोंडाचा जो वास येत होता तो ती विसरली नाही.

लोक म्हणाले, नजर लागली. सोन्याला नजर लागते म्हणे. दातवाला म्हणाला, मेरा हात तो साफ था. हात साफ असेल, बाबा. हत्यार?

वर्ष गेलं नाही तोच माझ्या बायकोची दाढ किडली. आधी तिने लवंग धरली, मग हिंग भरला. शेजारणीने एक म्हातारी आणली, ती रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने तोंडात धुरी देते आणि दातातले किडे काढून दाखवते. तिने काढले सात किडे. मी ते बोटावर घेऊन पाहिले. बियांच्या आतले पांढरे कोंब होते ते. तिला तसं तोंडावर सांगितलं, तर शेजारीण माझ्याशी महिनाभर बोलली नाही. फार बरं वाटलं.

दाढेचा ठणका काही थांबला नाही. बायकोचा गाल टरारला. भाकरी सुटली, नुसती आंबील पिऊ लागली. मी म्हटलं, "दातवाल्याले बोलावतो."

"नाई."

"अवं, मरशीन."

"मंग मरीन. पण त्याचं लोखंड तोंडात नाई घेणार. भावाच्या तोंडात तेच घातलं होतं त्यानं. त्याच्या आंदी कोनाच्या तोंडातलं, कोनाले मालूम? आपन कोनाचं उष्टं पानी पेत नाई. अन् हे उष्टं लोखंड मी दाढेत घालू?"

आता तुम्हीच सांगा. अख्खी अमरावती सोवळं-ओवळं करत होती. शेजाऱ्याच्या तांब्याला तोंड लागलं तर चिंच लावून तीन वेळा घासत होती. आणि तीच माणसं बाजारात रांगेने बसून एकाच्या तोंडातलं दाढ उपटायचं जंबूर दुसऱ्याच्या तोंडात घालून घेत होती! त्यांतल्या कोणाच्याही डोक्यात हे आलं नाही. माझ्या बायकोच्या आलं. तिला तर तीन महिन्यांचीही शाळा नव्हती.

मी बाजारात गेलो आणि दातवाल्याला म्हटलं, तुझी थैली दाखव. चामड्याची वळकटी होती. त्याने ती मोठ्या थाटात उलगडली. दाढा उपटायचं जंबूर, सोनं ठोकायची बारीक हातोडी, सळया, कानस, सगळं एकमेकांच्या अंगावर, ओलं, एका फडक्यात. ते फडकं एके काळी पांढरं असावं. जंबुराच्या दातऱ्यांत काय अडकलं होतं ते मी लिहीत नाही. तुम्ही जेवून वाचत असाल.

"हे धुतो कधी?"

"धोता हूं ना. रोज शाम को."

"अन् मग ओलंच गुंडाळून ठेवतो?"

"मिस्त्री, बीस साल से यही थैली है. आजतक किसीने कुछ बोला नही."

ज्यांनी बोलायचं ते मेले, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मला त्याची गरज होती. तेव्हा म्हटलं, "या चिंध्या सोड. तुले मी असं चकचकीत साधन करून देतो, की सारा बाजार पाहायले येईन." चकाकीचं नाव काढल्यावर त्याचे डोळे लागलीच मोठे झाले. सोनं ठोकणारा माणूस, दुसरं काय होणार!

आता मी जे केलं ते नीट ऐका. कारण ते गावाला माहीत नाही, आणि मी सांगितलं नसतं तर माहीत होणारही नव्हतं. मी तांब्याचा एक डेरेदार गडू केला, आणि त्याच्या तोंडावर पाच नळ्या उभ्या बसवल्या. एका नळीत एक हत्यार, म्हणजे कोणी कोणाला शिवायचं नाही. आतून कल्हई, बाहेरून ठोक्यांची नक्षी. प्रत्येक नळीला बूड. सांध्यांना डाग असा दिला, की पाणी भरून रात्रभर ठेवलं तरी खाली थेंब नाही. माझ्या हातचं भांडं गळत नाही. माझ्या बापाच्या हातचंही गळलं नाही.

दातवाला ते पाहून नाचायचाच राहिला. आठ दिवस बाजारात मिरवत होता. तेवढ्यात बायकोचा गाल जरा बसला होता, तो पुन्हा टरारला तेव्हा मी त्याला घरी बोलावलं. बायको ओसरीवर आली, एका हाताने गाल धरलेला. तिने हत्याराला हात लावला नाही. वाकून नळ्यांना नाक लावलं आणि मागे सरली.

"वास येते."

"नव्या कल्हईचा असन."

"भावाच्या तोंडाचा येत होता तोच हाय." मग मला विचारलं, "धुतल्यावर यातलं पानी कुठी जाते?"

"कुठीच जात नाई. माह्या हातचं हाय."

"मंग तेच तं म्हनतो मी. हे भांडं नाई, डबकं हाय. हत्यारं डबक्यात तोंड घालून उभी हायेत, म्हशीवानी. भोकं पाडा बुडाले."

दातवाला खो खो हसला. परक्या माणसासमोर, माझ्याच ओसरीवर, तांबटाला सांगते भांड्याच्या बुडाला भोकं पाडा! मी म्हटलं, "बह्याड झाली काय तू?" आणि दातवाल्याला घालवून दिलं. गडू मात्र ठेवून घेतला.

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. बरोबर तिचंच होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गडू उपडा केला, तर नळ्यांतून पिवळं पाणी ओघळलं आणि वास ओसरीभर पसरला. पण कळणं वेगळं आणि हातात सामता, म्हणजे आमचं गिरमिट, घेऊन आपल्या कामाच्या बुडाला भोक पाडणं वेगळं. ज्याने आयुष्यभर भोकं बुजवली त्यालाच ते समजेल. बाकीच्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी मागायला आली तर शब्द फुटेना. तोंड बोटभर उघडत नव्हतं. सूज डोळ्याखाली चढली होती. मेहुण्याचं असंच झालं होतं सहाव्या दिवशी. तिलाही ते ठाऊक होतं. तिने खुणेने पाणी मागितलं, प्यायली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी गडू बाजूला सारला. पितळी पत्रा घेतला आणि भोकं पाडायला बसलो.

नळ्याच नकोत, असं ठरवलं. बूडच नको. एक आडवी पट्टी, तिला ओळीने भोकं. खाली चार पाय, म्हणून घोडी. प्रत्येक हत्यार भोकातून खाली सोडायचं, तोंड खाली, मूठ वर, मधे चार बोटांचं अंतर. पाणी लागलं तर निथळून जाईल. कुठे मळ राहिला तर आंधळ्यालाही दिसेल. पट्टीचे दोन भाग केले: उजवीकडे उकळलेली, डावीकडे तोंडात जाऊन आलेली. डावीकडचं हत्यार उकळल्याशिवाय उजवीकडे जायचं नाही. आणि वरून बादलीला असते तशी मोठी कडी, म्हणजे अख्खी घोडी उचलून उकळत्या हंड्यात सोडायची आणि तशीच काढायची, हत्याराला बोट न लावता. नक्षी नाही. एक ठोकाही फुकटचा नाही. सूर्य मावळायच्या आत झालं.

निरोप धाडला तसा दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाला आला. घोडी बघून नाक मुरडलं. "इसमें तो सब दिखता है. लोग डर जाएंगे."

"दिसते म्हणून तर धुशीन," मी म्हटलं. "पाणी उकळलं हाय. सोड."

अंगणात चुलीवर हंडा होता. बायको पाटावर बसली होती, तोंड सुजलेलं, डोळा अर्धा मिटलेला. बोलता येत नव्हतं, पण तिचं लक्ष माझ्यावर नव्हतं, दातवाल्यावर नव्हतं, हंड्यावर होतं. सगळी हत्यारं भोकांत अडकवून घोडी आत सोडली. तांदूळ शिजेपर्यंत ठेवायचं, असं मी आपल्या मनानेच ठरवलं. मग कडीने वर उचलली. पाणी निथळलं, वाफा निघाल्या, लोखंड उन्हात आपोआप कोरडं होऊ लागलं. दातवाल्याने मूठ धरून जंबूर काढलं.

आणि काढल्याबरोबर आपल्या धोतराच्या सोग्याला पुसायला निघाला. वीस वर्षांची खोड! बायकोच्या घशातून एक आवाज आला. मी त्याचं मनगट धरलं. एवढ्या जोराने धरलं, की पुढे आठ दिवस तो ते लोकांना दाखवत होता.

"पुसू नको."

"गीला है."

"ते पाणीच हाय. तुह्या धोतरात काय हाय ते तुले मालूम."

जंबूर परत हंड्यात. परत तेवढा वेळ. तो बडबडत राहिला, मी उभा राहिलो. दुसऱ्या वेळी त्याने जंबूर हवेतच धरलं, एखाद्या मेलेल्या सापासारखं, आणि सरळ तिच्याकडे गेला. मी तिचं डोकं धरलं. दोन आंगठ्यांनी त्याने जबडा उघडला, एकदा हलवलं, दुसऱ्यांदा ओढलं. दाढ आली आणि मागून पू आला, वाटीभर. ती ओरडली नाही. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि जंबुराकडे बोट दाखवलं. दातवाल्याने ते मुकाट्याने डावीकडच्या भोकात सोडलं.

सूज तिसऱ्या दिवशी उतरली. अकरावा दिवस उजाडला तेव्हा मी सकाळपासून दुकानात गेलो नाही, उगाच ओसरीवर बसून होतो. तिने भाकरी थापली आणि माझ्यासमोर बसून चावून खाल्ली, चांगल्या बाजूने. "काय पाहून राहिले?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

दातवाल्याने घोडी नेली. आधी कुरकुर केली, पण बाजारातल्या बायकाच म्हणू लागल्या, उकळलेलं असेल तर बसतो. तेजी उतरली तेव्हा त्याच शहाण्यांनी रांग लावून दातांतलं सोनं उपटून घेतलं. सोनं गेलं, भोकं तोंडात राहिली. आता डॉक्टर लोक म्हणतात, डोळ्याला न दिसणारे जीव असतात, ते उकळल्यावर मरतात. असतील. मला दिसण्याएवढा मळ पुरेसा होता.

तो पहिला गडू अजून घरात आहे. एक थेंब गळत नाही, कोणीही येऊन पाहावं. बायको त्याच्या नळ्यांत दात घासायच्या बाभळीच्या काड्या ठेवते. रोज सकाळी त्यातली एक मला देते, आणि मग माझ्यादेखत तो गडू धुऊन, पाणी निथळायला उन्हात उपडा घालते. मी तिकडे पाहत नाही.