नानांचा खोकला आणि अमेरिकेचा ठराव

आमचं गाव धुळ्याकडे, दोंडाईच्याजवळ, मिरचीच्या पट्ट्यात. हिवाळ्यात अंगणात लाल मिरची वाळत पडली की अख्खं घर खोकतं, शेजारपाजार खोकतो, आलेला पाहुणा तर रामराम घालण्याआधी खोकतो. एवढ्या खोकल्यांतून माझ्या मायला एक खोकला बरोबर ओळखू यायचा. तो नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले काका, मायचे जेठ. घरात पाऊल टाकण्याआधी ते उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे. माय बाजेवर बसलेली असो की पाटावर, लगेच उठायची, पदर पुढे ओढायची आणि दाराच्या आड उभी राहायची. जेठासमोर बसायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माय लग्न होऊन आली तेव्हापासून ती पाळत होती, आणि नानाही.

आता एका घरात राहून बोलायचं नाही म्हटल्यावर मधे कोणीतरी लागतंच. ती मी. "मायले सांग, चहामा साखर जास्त व्हयनी," नाना मला म्हणायचे. माय दाराशीच उभी, तिला सगळं ऐकू गेलेलं. तरी मी तोंड वळवून तिला सांगायची. "नानासले सांग, दुसरा करस," माय म्हणायची, की मी परत तोंड वळवायची. लहानपणी मला खरंच वाटायचं, मी नसते तर ही दोन माणसं उपाशी मरतील. पुढे मला या प्रकाराचा राग यायला लागला, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. एक दिवस मी जाहीर केलं, "मी नाही सांगणार. तुमचं तुम्ही बोला." त्या दुपारी नानांनी ओसरीतल्या खांबाला सांगितलं, "आज भाजी चांगली व्हयनी." मायनं आतल्या भिंतीला विचारलं, "आजून वाढू का?" खांब आणि भिंत माझ्यापेक्षा समजूतदार निघाले.

नाना वाईट असते तर सोपं झालं असतं, खुशाल भांडता आलं असतं. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर नानांनी आम्हा मायलेकींना कशाचं उणं पडू दिलं नाही. बारावीनंतर पोरीला धुळ्याला कशाला पाठवायचं, असं भावकीत सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी नाना माझी ट्रंक उचलून एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. माय तापानं फणफणली होती तेव्हा दिवसभर ओसरीत येरझारा घालत होते. "मायले इचार, औषध लिधं का?" तासातासाला हाच प्रश्न. तिच्या खोलीच्या दारापर्यंत मात्र ते गेले नाहीत. मला तेव्हा त्यांची दया आली होती. माया असून चार पावलं टाकता येत नव्हती त्यांना.

धुळ्याला शिकले आणि तिथेच कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. अमेरिकन साहित्याचा पेपर माझ्याकडे असतो. त्याची सुरुवात मी दरवर्षी कथा-कवितेनं करत नाही, त्यांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानं करते. सगळी माणसं समान आहेत, असा शब्द त्या देशानं त्यात स्वतःला दिलाय. त्याच्या शेजारी फळ्यावर आपल्या संविधानाची उद्देशिका लिहिते. पोरं इमानदारीत दोन्ही उतरवून घेतात आणि मग एक जण हमखास विचारतो, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

गेल्या निवडणुकीत आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. नानांचा मला फोन आला. "मायले सांग, फॉर्म भरना शे." माय त्यांच्यापासून दहा पावलांवर गहू निवडत असणार, आणि निरोप चालला धुळ्यामार्गे. मी मायला फोन केला. सूप खाली ठेवल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "नानासले सांग, बरं." अशी माझी माय सरपंच झाली. गाव तिला अक्का म्हणत होतं, आता सरपंच अक्का म्हणायला लागलं.

पण ग्रामसभेत नाना असणार. गावातलं मोठं माणूस, त्यांची खुर्ची टेबलामागे ठरलेली. सरपंचाची खुर्ची तिच्या शेजारी. जेठ खुर्चीवर असताना माय खुर्चीवर कशी बसेल? ती जायची खाली सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात. पहिल्या सभेला मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. माय मनात एक विषय पक्का करून आली होती. आठवीपुढच्या मुली दोंडाईच्याला शाळेत जायच्या, त्यांच्या वेळेला एसटी नव्हती, आणि त्यामुळे तीन-चार घरांनी मुलींची शाळा बंद केली होती. हा विषय मायनं सतरंजीवरून मांडला. शेजारच्या बायांनी ऐकला, माना डोलावल्या. माईक टेबलावर होता. तिथे गटारीचं चाललं होतं, ते गटारीतच संपलं. सरपंचाची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर ग्रामसेवकानं आपली पिशवी ठेवली होती. ती पिशवी बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना माय म्हणाली, "पुढला टाइमले पाहू." तिचा चेहरा इतका उतरला होता, की मी चिडणंसुद्धा विसरले.

जानेवारीतल्या एका रविवारी मी गावी होते. दुपारी माय अंगणात मिरचीचे देठ खुडत होती, मी शेजारी बसून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. नाना ओसरीत बाजेवर, पेपर तोंडासमोर. ते असले की माय अंगणातही त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

"काय वाची र्‍हायनी तू?" मायनं विचारलं.

मी सांगायला लागले. आमच्या बोलीत सांगताना मजा वाटत होती. फार वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठमोठी माणसं एकत्र बसली, राजाचं ऐकणार नाही म्हणाली, त्यांतल्या एकानं बठ्ठा मानसं सारखा शेतस असं लिहिलं आणि बाकीच्यांनी खाली सह्या केल्या.

"म्हंजे ठराव लिधा," माय म्हणाली. सरपंच झाल्यापासून तिला ठराव हा शब्द फार आवडायचा. "बाया धऱ्यात का त्यामा?"

"नाही. बायांना मत नव्हतं. आणि गुलामही त्यात नव्हते. सह्या करणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी गुलाम राबत होते."

माय हसली, तिला मिरचीचा ठसका लागला, मग डोळे पुसत म्हणाली, "तथाबी तेच व्हय ना. ठराव मंजूर, अमल बाकी."

मीही हसले. मग मी तिला सांगितलं की माझ्या पेपरात जी पुस्तकं आहेत, ती बरीचशी त्या अंमलबजावणीसाठी भांडणाऱ्यांचीच आहेत. गुलामगिरीतून पळून आलेली माणसं लिहायला शिकली आणि त्यांनी विचारलं, आम्ही त्या सगळ्यांत येतो की नाही? घरात कोंडलेल्या बायकांनी लिहिलं, त्यांचाही प्रश्न तोच. आणि गंमत म्हणजे त्यांनी तो कागद फाडून टाकला नाही. तोच कागद पुढे धरून विचारलं. सांगता सांगता माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता.

ओसरीतला पेपर खाली आला. "ज्यानी तो ठराव लिखा," नाना मला म्हणाले, "त्यानी त्याना घरना गुलाम सोडात का?"

मायचे हात थांबले. ती उठायला लागली, पण नानांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"नाही नाना. थोडेच सोडले. बाकीचे शेवटपर्यंत तसेच राहिले."

"का बरं?"

"घराची घडी मोडेल म्हणून असेल. सवय असेल. शब्द त्याला खरे वाटत होते, पण घरात तसं वागायला जमलं नाही."

नानांनी मिरचीकडे पाहिलं. "लिखीसन मोकळा व्हई गया," एवढंच बोलले आणि पेपर परत वर घेतला. त्या पेपरचं पान मात्र त्यांनी नंतर उलटलं नाही.

मी धुळ्याला परतले आणि मायचं वाक्य वर्गात सांगितलं, ठराव मंजूर, अमल बाकी. पोरं खूप हसली. त्या दिवशी परीक्षेचं कोणी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला मी पुन्हा गावी गेले. झेंडा मायनं फडकवला. झेंड्याला सगळेच उभे असतात, त्यामुळे रीतीची अडचण नव्हती. शाळेच्या मुलांनी एका सुरात उद्देशिका म्हटली. नाना पांढरी टोपी घालून ताठ उभे होते. मग ते औषध घ्यायला घरी गेले, आणि शाळेच्या मैदानात मांडव होता तिथे ग्रामसभेसाठी लोक जमायला लागले. नाना आल्याशिवाय सभा सुरू होत नसे. माय सतरंजीकडे निघाली.

"सरपंच अक्का," एक म्हातारी म्हणाली, "नाना येवापर्यंत तरी बठी ल्या खुर्चीवर. पाहू तरी कशा दिसतस."

बायका हसल्या. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन ग्रामसेवकाची पिशवी उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. माय खुर्चीच्या कडेवर बसली, एसटीची वाट बघत असल्यासारखी, कान गल्लीकडे. नानांचा खोकला आला की उठायचं, एवढंच तिच्या मनात. पण दिवस मिरचीचे. मांडवात कोणी खोकलं की ती अर्धी उठायची, मग परत टेकायची. एकदा ग्रामसेवक खोकला, तेव्हाही ती उठली. लोक गालातल्या गालात हसत होते. हसू मलाही येत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

नानांचा खोकला आलाच नाही. मांडव एकदम गप्प झाला म्हणून मी वळून पाहिलं, तर नाना टेबलासमोर येऊन उभे होते. न खाकरता आले होते. माय धडपडून उठली, पदर पुढे ओढला आणि टेबलाच्या बाजूनं निघाली.

"सरपंच," नाना म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. खांबाकडेही नाही. ते मायकडे बघत होते.

"बठा तुम्ही. सभा तुमनी शे."

माय जागच्या जागी थांबली. मग सवयीनं तिनं मान वळवून मला शोधलं. तिचे ओठ हलले, नानासले सांग, असं सुरू झालेलं मला दिसलं. मी गप्प उभी राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मिरचीवर ढकलायची सोय होती म्हणून मी ते पुसलंही नाही. मायनं थोडा वेळ माझी वाट पाहिली. मग तिनं पदर कपाळापर्यंत मागे घेतला आणि नानांकडे वळली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही बी बठा."

दोघं शेजारी शेजारी बसले. नानांनी माईक तिच्याकडे सरकवला, आणि मायनं मुलींच्या एसटीचा विषय काढला.