तांब्या, सुपारी आणि दुनळी

नव्वदच्या दशकात आमच्या वडगाव निंबाळकरच्या वस्तीवर एक बंदूक यायची होती. ती काही आली नाही, पण तिच्यावरून भांडणं मात्र पोटभर झाली. शिवारात चोऱ्या वाढल्या होत्या, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवाना काढायचं मनावर घेतलं. आबांना हवी होती बारा बोअरची दुनळी, छऱ्यांची बंदूक. इंदापूरचे काका मिलिटरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी रायफल सोडून बाकी सगळ्या दिवाळीच्या टिकल्या.

मी बारामतीला हॉस्टेलवर राहून कॉलेज करायचे. एका रविवारी घरी आले तर ओट्यावर युद्ध पेटलेलं. पितळी तांब्या म्हणजे आमचं घर, चुन्याची डबी म्हणजे गोठा आणि सुपारी म्हणजे चोर.

"घाबरल्यावर नेम कुठला लागतोय? छर्रं पसरत्यात, एखादा तरी बसंल," आबा म्हणाले.

"हितनं गोठ्यापतूर किती पसरणार? मुठीएवढं!" काकांनी उडवून लावलं. "रायफलीची एकच गोळी, काम तमाम." त्यांचं बोट तांब्यापासून निघालं आणि त्यांनी सुपारी आडवी केली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं सुपारीच्या मागं काडेपेटी ठेवली. "ही ऊसतोड्यांची कोपी. कालच घातलीया. आत लेकरंबाळं हायती."

काकांनी सुपारीवरचं बोट मागं घेतलं. रायफलीची गोळी चोरापाशी थांबत नाही आणि कोपीच्या पाचटाच्या भिंतीला तर ती मोजतही नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! आबांनी खुशीत मिशीवरून हात फिरवला.

"आन ह्यात मी कुठं हाय?" आईनं विचारलं.

"तू घरात," आबांनी तांब्यावर टिचकी मारली.

"आन तुमी?"

आबा साखर कारखान्यावर रातपाळीला असायचे. परवाना त्यांच्या नावाचा, बंदुकीच्या कपाटाची चावी त्यांच्या खिशात. म्हणजे चोर यायच्या वेळी तांब्यात आई एकटीच. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आबांनी सुपारी उचलून मुठीत धरली.

"भ्या वाटतं व्हय तुला?"

"रोज," आई म्हणाली. "चा घ्या, गार व्हतोय."

सोमवारी मी बारामतीची एसटी धरायच्या आधीच आबा कारखान्यावर दिवसपाळी मागायला निघून गेले होते.