थांबामामांची एकुलती एक घाई

रस्त्याच्या वळणावर पत्र्याची एक लांबट शेड आहे आणि तिच्या दारात नेहमी एखादा ट्रॅक्टर बॉनेट उघडून उभा असतो. हे थांबामामांचं गॅरेज. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं. गिऱ्हाईक येतं, इंजिन बंद न करता सीटवरूनच सांगतं, "जरा एवढा नट आवळून द्या, लगेच निघायचंय." मामा हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा." मग ट्रॅक्टरभोवती एक चक्कर, खाली वाकून पोटाखाली नजर, हात पुसणं आणि पुन्हा उलटी चक्कर. तोवर गिऱ्हाइकाचा जीव मेटाकुटीला येतो. पण सुटायला आलेले आणखी दोन-चार नट मामांना हटकून सापडतात, म्हणून चडफडत का होईना, माणसं पुन्हा त्यांच्याकडेच येतात.

बायको सांगते, "लग्नाचं विचारलं तेव्हाही हे 'थांबा'च म्हणाले होते. मी थांबले, तिथंच फसले." हे ती मामांसमोर सांगते आणि मामा मिशीतल्या मिशीत हसतात.

या थांबण्यामागे एक कारण होतं. तरुणपणी त्यांनी लोडरचे, म्हणजे ट्रॅक्टरपुढे ओझं उचलायला लावलेल्या सांगाड्याचे, हात वर असतानाच तेलाच्या पाइपाच्या जोडाचं कपलिंग खोललं होतं. आत दाबून बसलेलं तापलेलं तेल असं उसळलं, की कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. तो डाग अजून आहे. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. लोडर आधी जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद करायचं, लिव्हर मागेपुढे हलवून पाइपातला दाब काढून टाकायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. याला ते तेल झोपवणं म्हणत. "तेल झोपलं का?" असं स्वतःलाच विचारल्याशिवाय त्यांनी पुढे कधी एक नट सैल केला नाही.

हे थांबामामा ज्याला कधी थांबा म्हणत नसत असं जगात एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच त्यांना वाढवलं. साठीला टेकलेल्या, मिशा पिकलेल्या या माणसाला ती अजून 'छोट्या' म्हणे. गॅरेजात ज्यांच्या एका शब्दावर ट्रॅक्टरवाले ताटकळत बसत, ते मामा ताईच्या स्वयंपाकघरात शिरले की दोन्ही हात पुढे करून उभे राहत. "नखात ग्रीस आहे. जा, परत धू," ती सांगे, आणि ते मुकाट्यानं जात.

ताईची आणि भाऊजींची गावाबाहेर फळबाग होती. भाऊजी म्हणजे मोठा गमत्या माणूस. मेव्हण्याला चिडवायची एकही संधी ते सोडत नसत. त्यांचा ट्रॅक्टर लहानखुरा, झाडांच्या रांगांमधून अंग चोरून जाणारा, पुढे लोडर लावलेला. गेल्या वर्षी भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरले, बोलणंही परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र रुसली ती रुसलीच. हात खांद्यातून हले, पण मूठ वळत नसे.

बागेतली जुनी झाडं फळ द्यायची थांबली होती. ती तोडून, ओंडके उचलून, जागा मोकळी करायची होती. तोडायला माणूस मिळे, पण ओंडके भाऊजीच हलवत. लोडरच्या टोकाच्या सुपासारख्या बकेटला साखळी बांधायची, तिचा फास ओंडक्याला घालायचा. एका हातानं घातलेला फास एकदा निसटला आणि ओंडका त्यांच्या पावलावर आला. हाड वाचलं, पण पाय सुजून भोपळा झाला.

त्यांची मुलगी, म्हणजे मामांची भाची, शहरात नर्स. बातमी कळताच ती धावत आली, पाय बघितला, आणि तिनं जो धसका घेतला तो घेतलाच. "आता पुरे. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. बाग कुणाला तरी चालवायला देऊ."

भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. मामा म्हणाले, "थांब जरा."

"मामा, तू मध्ये बोलू नकोस. उद्या हाच ओंडका छातीवर पडला तर मी काय करू, सांग."

तिचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मग मामा म्हणाले, "ओंडक्याला हातच लावावा लागला नाही तर? लोडरला पंजा बसवतो. लोखंडी जबडा असतो, तेलाच्या जोरावर मिटतो आणि उघडतो. साखळी नको, फास नको, सीटवरून उतरायलाही नको."

भाचीनं वडिलांच्या हाताकडे पाहिलं. "बाबांना जमेल?"

"बघायला ये."

"रविवारी येते. बाबांनी ओंडका उचलून माझ्यासमोर ट्रॉलीत ठेवायचा. जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर माझ्या गाडीत बसायचं. दोघांनीही."

भाऊजी म्हणाले, "कबूल. मेव्हणे, आता माझं घर तुमच्या पान्यावर आहे."

हे त्यांनी हसत म्हटलं, पण मामांना ते सायकलवर घरी जाईपर्यंत छातीत टोचत राहिलं. ताई गेली तर त्यांना छोट्या म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला न सांगताच कळलं आणि तिनं गॅरेजात बसून पंजाच्या पिनांना ग्रीस लावून दिलं.

ट्रॅक्टर शेडमध्ये आला. बकेट उतरवून तिथं पंजा अडकवणं हे त्यातलं सोपं काम. अवघड होता जबडा मिटवणारा, तेलाच्या दाबावर पुढेमागे सरकणारा जॅक. लहान ट्रॅक्टरच्या लोडरला तेलाचे दोनच रस्ते असतात, एक हात वरखाली करायला आणि दुसरा बकेट वाकवायला. तिसरा रस्ताच नाही. मग मामांनी एक वॉल्व्ह बसवला. बटण दाबून धरलं की बकेट वाकवणारं तेल वळून जबड्याकडे जाई, बटण सोडलं की पुन्हा आपल्या जागी. हे बटण सगळे लिव्हरच्या टोकावर, उजव्या अंगठ्याखाली बसवतात. भाऊजींचा उजवा अंगठा तर संपावर. मामांनी बटण स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला नेलं आणि लिव्हरच्या टोकाला चामडं मढवलेली एक खोलगट वाटी वेल्ड केली, मनगट नुसतं आत टेकवलं की पुरे. पंजाच्या वजनानं मागची चाकं उचलली जाऊ नयेत म्हणून मागे सिमेंट भरलेलं एक पिंपही टांगलं.

भाऊजी रोज येऊन शेडमधल्या शेडमध्ये सराव करत. गंमत अशी, की लोखंडी जबडा मिटू लागला की त्यांची उजवी बोटंही मिटायचा प्रयत्न करत. मिटत नसत, नुसती थरथरत. भाऊजींना हे कळतही नसे. मामांना दिसे आणि ते नजर दुसरीकडे वळवत.

शनिवारी दुपारी एकच काम उरलं होतं, जबड्याचे दोन पाइप कापून कायमचे बसवणं. सरावापुरते लांबलचक जुने पाइप लावले होते. मामा ताईकडे सामान ठेवायला गेले, तर स्वयंपाकघरात पुठ्ठ्याची खोकी. ताई जमिनीवर बसून कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भिंतीवरचं घड्याळही उतरवून ठेवलेलं.

"हे काय चालवलंयस?"

"काही नाही रे. ऐन वेळी घाई नको म्हणून. तू जेवलास का, छोट्या?"

मामा तसेच मागे फिरले. त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेडमध्ये येऊन त्यांनी लोडर टेकवला, इंजिन बंद केलं, तेल झोपवलं, सगळं नियमाप्रमाणे. टेकलेल्या लोडरवरच त्यांनी पाइपाचं माप घेतलं. एरवी ते ट्रॅक्टर बाहेर काढून, लोडरचे हात पार वर नेऊन, पंजा पुढे वाकवून पुन्हा मोजत, कारण वर गेल्यावर पाइप ताणला जातो. शेडचं छप्पर बुटकं, आत हात अर्धेच वर जात. अर्ध्यापर्यंत नेले, पंजा उघडला, मिटला, सगळं झकास. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबवणारा माणूस त्या दिवशी स्वतः थांबला नाही. ट्रॅक्टर त्यांनी तसाच बागेत पोचवला आणि ताईला सांगितलं, "झालं. खोकी सोड आता." तिनं ती सोडली नाहीत.

रविवारी भाची आली. मामांनी चुन्यानं जमिनीवर एक रेघ ओढली आणि ताईला, भाचीला आणि स्वतःच्या बायकोला तिच्यामागे उभं केलं. "ओंडका हवेत असताना कुणी रेघ ओलांडायची नाही. मी पण नाही."

भाऊजी सीटवर चढले. मनगट वाटीत, डावा हात बटणावर. ट्रॅक्टर सावकाश पुढे गेला, पंजा ओंडक्यावर उतरला आणि जबडा मिटला. ओंडका उचलला गेला तेव्हा भाचीनं आईचा दंड घट्ट धरला. ट्रॉलीच्या फळ्या उंच होत्या. भाऊजींनी हात वर नेले, आणखी वर, अगदी शेवटपर्यंत, आणि ओंडका आत सोडण्यासाठी पंजा पुढे वाकवला.

मामांना पाइप दिसला. तारेसारखा ताठ झालेला. त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पाइप कपलिंगातून उपटला गेला. तेलाची पिचकारी उडाली, जबडा सैल पडला आणि ओंडका ट्रॉलीच्या अलीकडे धाडकन खाली आला. जमीन हादरली. ताईनं डोळे मिटून घेतले. मामांचा पाय रेघेकडे गेला.

"थांबा," सीटवरून आवाज आला. "कुणी पुढे यायचं नाही."

भाऊजींनी डाव्या हातानं हँडब्रेक लावला. मनगटानं लिव्हर ढकलून लोडरचे हात हळूहळू खाली आणले, पंजा जमिनीला टेकवला, इंजिन बंद केलं. लिव्हर मागेपुढे, डावीउजवीकडे हलवली. मग म्हणाले, "तेल झोपलं. या आता."

कुणी हललं नाही. मामा मात्र गेले. उपटलेला पाइप सोडवून हातात घेऊन ते भाचीसमोर येऊन उभे राहिले. हाताला तेल, शर्टाला तेल. "यात बाबांची काही चूक नाही. पाइप आखूड कापला मी. वर नेऊन मोजायला हवं होतं. घाई केली." घाई हा शब्द स्वतःसाठी वापरायची त्यांना सवय नव्हती, तो तोंडातून ओबडधोबड निघाला. "ठरलं होतं ते ठरलं होतं. ओंडका ट्रॉलीत गेला नाही. तू म्हणशील तसं."

ताई घरात निघून गेली. भाची पडलेल्या ओंडक्याकडे बघत होती, मग चुन्याच्या रेघेकडे, मग सीटवरच्या वडिलांकडे. ते रुमालानं वाटीवरचं तेल पुसत होते, निवांत, हे रोजचंच असल्यासारखं. दवाखान्यात तिनं धडधाकट माणसांना याहून लहानशा आवाजानं गारठलेलं पाहिलं होतं. या वर्षभरात वडिलांच्या हाताची तपासणी तिनं कितीदा तरी केली होती. हात सोडून उरलेले वडील तिनं आज बघितले.

"बाबा, तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरलो की. पण ते नंतर. आधी तेल झोपवायचं असतं, तुझ्या मामानं इतकं डोकं खाल्लंय माझं."

ती हसली आणि हसता हसता रडली, आणि त्याची लाज तिनं वाटून घेतली नाही. मग मामांच्या हातातला पाइप घेऊन तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"मामा, नवा पाइप बसवायला काय काय लागेल?"

"थांब. आधी माप घ्यावं लागेल. हात वर नेऊन."

"मग घेऊ या ना."

ताई बाहेर आली ती ट्रेमध्ये चहा घेऊन. कपबश्या खोक्यातल्याच होत्या, एका कपाला वर्तमानपत्राचा कपटा चिकटलेला होता. भाचीनं तो नखानं काढला आणि चुरगळून खिशात टाकला. चहा झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं आतून खिळा ठोकल्याचा आवाज आला आणि भिंतीवर घड्याळ परत लागलं.

मग ती बाहेर येऊन टेप घेऊन मामांच्या शेजारी रेघेमागे उभी राहिली. गेलं वर्षभर वडिलांना तिनं चहाचं पातेलंसुद्धा उचलू दिलं नव्हतं. लोडर वर गेला आणि त्याच्या हातांखाली लोखंडी टेकू लावला, की त्याच्यापाशी जाऊन टेपचं टोक आता तिलाच धरायचं होतं.

भाऊजींनी इंजिन सुरू केलं, मनगट वाटीत ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं. उजवी बोटं वाटीच्या काठावर थरथरत होती.

"बाबा, घ्या वर," ती म्हणाली.

लोडरचे हात सावकाश उचलले जाऊ लागले, बुटक्या शेडच्या उंचीपलीकडे, पार शेवटापर्यंत. मामा मान ताणून बघत होते, आणि त्यांना कुणाला थांबा म्हणावंसं वाटलं नाही.