शालूचा पडदा

आमचे हे थळजवळच्या एका गावात मास्तर होते आणि तिथल्या लोकगीत मंडळाचे चिटणीसही. मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला पडदा नव्हता, म्हणून यांनी मला न विचारता माझा लग्नातला शालू नेऊन खिळ्यांना टांगला. ते पाहिल्यापासून मी अबोला धरला.

कार्यक्रम दुपारी शाळेच्या पडवीत होता. गायला धवलारीण बोलावली होती. आगरी-कोळ्यांकडे ही बाई धवले म्हणते तेव्हाच लग्न लागतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "नवरा-नवरी कुठं हाय?"

हे म्हणाले, "लग्न नाही, आजी. नुसता गाण्यांचा कार्यक्रम आहे."

"लगीन न्हाय तं धवला कुनासाठी गाऊ?" म्हणून तिनं बसकण मारली आणि पानाची चंची सोडली. अलिबागचे पाहुणे घड्याळं बघू लागले. शेवटी यांनी मला हात धरून आणलं आणि दोघं पाटावर बसलो. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आमचीच पोरं समोर खिदळत होती. म्हातारीनं मात्र आम्हाला खरीखुरी हळद लावली आणि डोळे मिटून तासभर गायली. मग मला म्हणाली, "आता नाव घे. त्याबिगर उठाचं न्हाय."

मी कसंबसं जुळवून यांचं नाव घेतलं.

घरी जाताना हे म्हणाले, "चला, अबोला सुटला."

"नाव म्हातारीला सांगितलंय," एवढं मी पोरांकडे बघून म्हटलं.

अबोला आणखी दोन दिवस टिकला. शालूला पडलेली खिळ्यांची भोकं मात्र मी कधीच रफू केली नाहीत.